योगक्षेम आणि आपले हात



अनन्य भक्ताचा योगक्षेम आपण चालवितो, असे अभिवचन भगवंतांनी गीतेच्या नवव्या अध्यायात दिले आहे. न मिळालेले मिळवून देणे हा योग, मिळालेले सांभाळणे हा क्षेम. परंतु पाऊस दडी मारतो, कर्त्या पुरुषाची नोकरी सुटते, दुखणे घरात ठाण मांडून बसते, तेव्हा श्रद्धाळू मनुष्याच्याही ओठांवर प्रश्न येतो : "मग माझाच योगक्षेम कोठे राहिला?" हा प्रश्न विचारणे म्हणजे नास्तिकपणा नव्हे.

देहूच्या तुकोबारायांवरही असाच प्रसंग आला होता. इ. स. १६३० ते १६३२ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्यात त्यांची प्रथम पत्नी अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला, मान गेला, लोकांत वावरण्याची लाज वाटू लागली. हे त्यांनी स्वतःच अभंगातून सांगितले आहे. देवाने संकट टाळले नाही. तरी तुकोबांनी देवास टाकले नाही. मोडकळीस आलेल्या विठ्ठलमंदिराचा त्यांनी जीर्णोद्धार केला. पुढे घरातील कर्जखतांपैकी निम्मी बंधू कान्होबास देऊन आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. ज्या ऋणकोंची ती खते होती, त्यांच्या दारी त्या दिवशी देव कोणत्या रूपाने आला? दिवाळे निघालेल्या एका दुकानदाराच्या रूपाने!

माझ्या अल्प मतीप्रमाणे या कथेचे मर्म येथेच आहे. आपले काहीच हिरावले जाणार नाही, अशी हमी म्हणजे श्रद्धा नव्हे. हिरावले गेल्यावरही हात देता राहणे, ही श्रद्धा. देवाचा पुरवठा बहुधा आकाशातून उतरत नाही. तो माणसांच्या हातून येतो. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लक्षावधी कुटुंबांनी खडी फोडून आणि परदेशातून आलेली मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले. मागेल त्यास काम देणारी रोजगार हमी योजना त्या काळात विस्तारली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. त्यामागेही माणसांचेच हात होते.

म्हणून बंधुभगिनींनो, संकटात सापडलेल्या ज्ञातिबांधवास "तुझी भक्ती कमी पडली" असे कोणीही ऐकवू नये. उपदेश मागाहून करता येईल. आधी त्याच्या घरी धान्य पोहोचावे, मुलांची फी भरली जावी, आणि त्याचा बोभाटा होऊ नये. घेणाऱ्यानेही संकोच धरू नये. आज जो घेतो, तो उद्या देणारा होतो. मदत ज्ञातीपासून सुरू व्हावी. परंतु ती ज्ञातीच्या कुंपणाशी थांबू नये, कारण भूक जात विचारीत नाही.

परमेश्वर आपणांस संकटात धीर देवो आणि सुबत्तेत आठवण देवो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.