शाळेतील नवी पाटी

शाळेत नवे साधन आले, की दोन मते हमखास ऐकू येतात. आता शिक्षकाचे काम हलके झाले, असे एक म्हणतो. आता मुले बिघडणार, असे दुसरा म्हणतो. दोघांचेही लक्ष यंत्राकडे असते, मुलाकडे नसते. चित्रे काढण्याची, गोष्टी रचण्याची व आवाज साठविण्याची इंटरनेटवरील साधने आज साध्या मोबाइलवरही मिळतात. त्यांचा विचार मात्र मुलापासूनच सुरू झाला पाहिजे.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे उदाहरण ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत रणजितसिंह डिसले हे २००९ साली शिक्षक म्हणून आले. पुस्तकांची भाषा ही मुलींची घरची भाषा नव्हती, म्हणून त्यांनी पुस्तकांचे भाषांतर केले व पानांवर क्यूआर संकेत छापले, असे त्यांना पुढे मिळालेल्या पुरस्काराच्या निवेदनात नमूद आहे. हा काळा-पांढरा चौकोन १९९४ साली जपानात मोटारीचे सुटे भाग ओळखण्यासाठी जन्मास आला. डिसल्यांच्या पुस्तकात त्यावर मोबाइल धरला, की कविता ऐकू येई, पाठाचे चलचित्र दिसे. २०१७ साली महाराष्ट्र शासनाने ही योजना पाठ्यपुस्तकांसाठी जाहीर केली. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसल्यांना दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले आणि त्यांतील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

ह्या हकिगतीतील महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिचा क्रम होय. प्रथम अडचण ओळखली गेली, मग साधन शोधले गेले. पुष्कळ ठिकाणी ह्याच्या उलट घडते. साधन आधी येते, आणि मग त्याला काहीतरी काम हवे म्हणून मुलांना त्यापुढे बसविले जाते.

भाषेची अडचण एका जिल्ह्यापुरती नाही. भोपाळच्या आनंद नगरात एखाद्या मराठी घरातील मूल आजीशी मराठी बोलते व शाळेत हिंदी लिहिते. अशा मुलाला केवळ ऐकविणारे साधन पुरे पडत नाही. त्याच्या हातून काही घडले पाहिजे. त्याच भोपाळमध्ये एकलव्य संस्थेचे ‘चकमक’ हे बालमासिक १९८५ पासून निघते. मुलांनी स्वतः लिहिलेले व रेखाटलेलेही त्यात छापले जाते. मात्र मासिकाची पाने मोजकीच असतात, आणि प्रत्येक वर्गाला त्यांत जागा मिळणे शक्य नसते.

ती जागा आता निर्माण करता येते. बंगळूरच्या प्रथम बुक्स संस्थेने २०१५ साली ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर अनेक भाषांतील बालकथा विनामूल्य वाचता येतात, त्यांचे भाषांतर करता येते, आणि चित्रसंग्रहातील चित्रे निवडून नवी गोष्टही रचता येते. आनंद नगरातील शिक्षिकेने एक हिंदी गोष्ट वर्गात वाचून दाखवावी. मराठी मुलाने ती घरी आजीला सांगावी, आजीचे शब्द वहीत उतरवून आणावेत, आणि त्यांतून मराठी आवृत्ती तयार व्हावी. जी भाषा आजवर दप्तराबाहेर राहिली, ती अशा रीतीने वर्गात मानाने येते. वर्गसोबत्यांनाही नवे शब्द मिळतात.

चाळीस मुलांत एकच मोबाइल असला तरी काम अडत नाही. विचार, बोलणे व कच्चे लेखन कागदावरच व्हावे. चार-पाच मुलांच्या गटाने एकेक पान करावे. यंत्राकडे शेवटीच वळावे. शिक्षकाने ते साधन आदल्या दिवशी स्वतः वापरून पाहावे. मुलांची पूर्ण नावे व छायाचित्रे इंटरनेटवर ठेवू नयेत. खाते शिक्षकाचेच असावे. आणि शुद्धलेखनाच्या दुरुस्तीत मुलाचे वाक्यच नाहीसे होणार नाही, एवढी दक्षता घ्यावी.

साधनाची परीक्षा सोपी आहे. यंत्र बंद केल्यावर मुलाजवळ काय उरले, हे पाहावे. केवळ दिपलेले डोळे उरले असतील, तर तो तास करमणुकीत गेला. परंतु स्वतः रचलेली एक गोष्ट, आजीकडून मिळालेला एक शब्द आणि उद्या काय लिहावे ह्याची उत्सुकता उरली असेल, तर ती नवी पाटी शाळेला लाभली असे खुशाल समजावे.