पक्षाघात : घटकेचे मोल आणि घरची शुश्रूषा



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी आजाराचा विषय काढणे कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु धर्मग्रामाचा उत्सव म्हणजे केवळ तोरणे व वाजंत्री नव्हे. एकमेकांच्या जिवाची काळजी वाहण्याचा निर्धारही त्यातच येतो. म्हणून पक्षाघात, ज्यास आपण लकवा म्हणतो, त्याविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा आम्ही मागतो.

हा रोग आपणांस परका नाही. शेठ जमनालाल बजाज यांचे ११ फेब्रुवारी १९४२ रोजी याच वर्ध्यात मेंदूतील रक्तस्रावाने आकस्मिक निधन झाले; त्या वेळी त्यांचे वय अवघे ५२ वर्षांचे होते. तेव्हा वैद्यकशास्त्राजवळ फारसा इलाज नव्हता. आज तो आहे; परंतु रोगी तेथवर वेळेत पोचत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील ८६ खेड्यांत ‘सर्च’ संस्थेच्या डॉक्टरांनी २०११ ते २०१३ या काळातील मृत्यूंची कारणे तपासली. तेव्हा सातांपैकी सुमारे एक मृत्यू पक्षाघाताचा निघाला. दुसऱ्या कोणत्याही एका कारणाने इतके लोक दगावले नव्हते; आणि त्या रोग्यांपैकी शेकडा सुमारे ८७ घरीच वारले.

लकवा म्हणजे अंगावरून गेलेले वारे नव्हे, की कोणाची करणीही नव्हे. मेंदूस रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते, आणि मेंदूचा तो भाग क्षणाक्षणाने मरू लागतो. बहुधा वेदना होत नाही. म्हणूनच ‘सकाळी पाहू’ असे म्हणून माणूस निजतो, आणि घात होतो.

ओळखण्याची रीत सोपी आहे. रोग्यास हसावयास सांगावे. तोंड एका बाजूस वाकडे होते काय? दोन्ही हात समोर उचलावयास सांगावे. एक हात खाली घसरतो काय? साधे वाक्य म्हणावयास सांगावे. जीभ अडखळते काय? एकाएकी तोल गेला, दृष्टी गेली किंवा असह्य डोके दुखू लागले, तरी संशय घ्यावा. यांपैकी एक खूणही पुरे. खुणा थोड्या वेळात आपोआप नाहीशा झाल्या तरी स्वस्थ बसू नये. तो पुढील मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

अशा वेळी तत्काळ १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. रोगी शेवटचा धडधाकट केव्हा दिसला, ती वेळ लिहून ठेवावी. डॉक्टर प्रथम हेच विचारतील. मेंदूचे सीटी स्कॅन जेथे होते अशाच रुग्णालयात न्यावे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय व सावंगी मेघे येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही मोठी रुग्णालये आपल्याच जिल्ह्यात आहेत. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. गुठळी आहे की रक्तस्राव, हे घरी कळत नाही; म्हणून आपल्या मनाने गोळी देऊ नये. पाणीही पाजू नये, ते श्वासनलिकेत जाते. शुद्ध नसल्यास कुशीवर निजवावे. मालीश, कबुतराचे रक्त, मांत्रिक यांत एक घटकाही दवडू नये.

येथे आमचे एक आग्रहाचे सांगणे आहे. धर्मगुरू येईपर्यंत रोग्यास घरी थांबवून ठेवू नका. प्रथम गाडी बोलवा, मग आम्हांला. आम्ही रुग्णालयात येऊ. रुग्णाभ्यंग हा संस्कार केवळ मरणोन्मुखांसाठी नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच स्पष्ट केले आहे. तो बळ देणारा संस्कार आहे, उपचारास पर्याय नव्हे.

रोगी घरी परतला म्हणजे खरी कसोटी सुरू होते. गिळणे नीट होते की नाही हे डॉक्टरांकडून तपासून घेतल्यावरच, ताठ बसवून, लहान घास भरवावे. अंथरुणास खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलावी. लुळ्या हातास धरून ओढू नये, खांदा निखळतो. शिकविलेला व्यायाम नित्य करवावा. वाचा गेलेल्या माणसाची समज पुष्कळदा शाबूत असते. त्याच्यादेखत ‘आता याचे काय राहिले’ असे बोलू नये. लहान वाक्ये बोलावी, हो-नाहीत उत्तर घ्यावे, आणि थांबून ऐकावे. तो उदास झाला तर तोही आजाराचाच भाग समजून डॉक्टरांस सांगावे. रक्तदाबाच्या गोळ्या बरे वाटले म्हणून डॉक्टरांस न विचारता बंद करू नयेत. मीठ, लोणचे, पापड आवरावे. खर्रा व विडी तर सर्वांनीच सोडावी. शुश्रूषा करणारी बहुधा सून, मुलगी अथवा पत्नी असते. तिलाही झोप हवी. शेजाऱ्यांनी आठवड्यातून दोन-चार तास रोग्याजवळ बसणे, हे मोठेच दयेचे कृत्य होय.

निराश होण्याचे कारण नाही. लुई पाश्चर यांस १८६८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, डाव्या अंगाचा पक्षाघात झाला. ते वैगुण्य आयुष्यभर राहिले. तरीही पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरील लस त्यांनी १८८५ मध्ये माणसास दिली, ती त्यानंतरच.

शुभवर्तमानातील पक्षघाती मनुष्य आपल्या पायांनी प्रभूकडे गेला नाही. चौघांनी त्याची बाज उचलली. दारात गर्दी दिसताच ते परत फिरले नाहीत, छप्पर उघडून त्यांनी त्यास खाली सोडले. आपल्या धर्मग्रामात प्रत्येक रोग्यास असे चौघे लाभावेत, आणि त्यांनी क्षणाचाही विलंब करू नये, हीच आमची प्रार्थना.