दहा रुपये कोणाच्या नावावर मांडायचे?

मी दिघाशीहून बोलतेय. बचत गटाच्या बैठकांमुळे तुमच्यातल्या बऱ्याच जणी मला ओळखतात, आणि माझा आवाज ऐकला की आता ही बाई थकलेल्या हप्त्यांवर घसरणार असंही ओळखतात. आज हप्त्यांचं काही नाही. आज तेलाबद्दल बोलायचं आहे. गोडेतेल नव्हे, जमिनीच्या पोटातून निघतं ते खनिज तेल. आपण त्याला तेल म्हणतच नाही, डिझेल म्हणतो, पेट्रोल म्हणतो. हा विषय माझ्या गळ्यात कसा पडला ते आधी सांगते, कारण त्यात माझीही चूक आहे.

२०२२ सालचा एप्रिल. आमच्या एका गटातल्या नऊ जणी उन्हाळी भेंडी आणि काकडी लावतात. माल कल्याणच्या मार्केटला जातो, गटातल्याच एका वहिनींच्या नवऱ्याच्या टेम्पोतून. कॅरेटमागे तीस रुपये भाडं होतं. त्या महिन्यात त्यांनी चाळीस सांगितले. भेंडीचा भाव नेमका त्याच आठवड्यात पडलेला. बैठकीत कल्ला झाला. एक जण वहिनींच्या तोंडावर म्हणाली, "तुझा नवरा आमच्या भेंडीवर गाडीचे हप्ते फेडतोय."

मी तिला थांबवायला हवं होतं. त्याऐवजी मी वहिनींना म्हटलं, "वहिनी, भाऊंना जरा समजावा, गट आपलाच आहे ना." ऐकायला गोड. पण दोष कोणाचा हे मी त्या एका वाक्यात ठरवून टाकलं होतं. वहिनींनी बचतीचे शंभर रुपये ठेवले, सही केली आणि उठून गेल्या. पुढच्या तीन बैठकांना आल्या नाहीत. बचत मुलीच्या हाती पाठवायच्या. तिसऱ्या वेळी त्या पोरीने नोटेबरोबर रबर लावलेला पावत्यांचा गठ्ठा दिला. पेट्रोलपंपाच्या पावत्या. म्हणाली, "पप्पांनी सांगितलंय, ताईंना दे."

रात्री मी वही घेऊन बसले. अर्थशास्त्र बी.ए.ला शिकले होते, पण खरं कामाला आलं ते गटाचं हिशोब लिहिणं. कल्याणला जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर. भरलेली गाडी लिटरला पंधराएक किलोमीटर देते. म्हणजे एका फेरीला साडेचार लिटर, आणि एका फेरीत पंचवीस कॅरेट. तीस रुपये भाडं ठरलं तेव्हा, जानेवारी २०२१ मध्ये, मुंबईत डिझेल ८१ रुपयांच्या आसपास होतं. एप्रिल २०२२ मध्ये ते १०४ रुपये ७७ पैसे झालं. आपल्याकडच्या पंपावर थोडाफार फरक असेल, पण चढ तेवढाच. लिटरमागे चोवीस रुपये, फेरीला एकशे आठ. पंचवीस कॅरेटवर वाटले तर कॅरेटमागे सव्वाचार रुपयांच्या थोडे वर.

मग दहा का मागितले? दुसऱ्या दिवशी मी घरी जाऊन सरळ विचारलं. भाऊ म्हणाले, टायर महागले, विमा महागला, आणि लॉकडाऊनमध्ये गाडी उभी होती तेव्हाचे हप्ते थकलेत, तेही काढायचे आहेत. खरं बोलले. म्हणजे बैठकीत ओरडणारी अगदीच चुकीची नव्हती. पण दहातले चार रुपये ना त्यांच्या खिशात जात होते, ना त्यांच्या हातात होते.

ते चार रुपये कुठे जातात हे कळायला डिझेलचा एक लिटर सोलून बघावा लागतो. सगळ्यात आत कच्च्या तेलाची किंमत. आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलातलं शंभरातलं पंच्याऐंशीहून जास्त तेल बाहेरून आणतो आणि पैसे डॉलरमध्ये मोजतो. तेल तेवढंच राहिलं आणि रुपया घसरला तरी ते महाग पडतं. त्यावर शुद्ध करण्याचा आणि वाहतुकीचा खर्च, कंपनीचा नफा. मग दिल्लीचा कर, त्याला उत्पादन शुल्क म्हणतात. मग पंपवाल्याचं कमिशन, ते २०२२ मध्ये डिझेलवर लिटरला तीन रुपयांच्या आतच होतं. शेवटी मुंबईचा, म्हणजे राज्याचा कर, व्हॅट. त्या एप्रिलमध्ये डिझेलवर दिल्लीचे २१ रुपये ८० पैसे होते आणि राज्याचे जवळजवळ बावीस. १०४ रुपयांतले चाळीसहून जास्त रुपये कराचे. पण आपण भांडतो तीन रुपयांच्या पंपवाल्याशी आणि टेम्पोवाल्याशी, कारण तेच समोर दिसतात.

आता राजकारणाकडे येते. मी कुठल्याच पक्षाची नाही, आणि पुढचं ऐकलंत तर का नाही तेही कळेल.

१९७३ च्या ऑक्टोबरात इस्रायल आणि अरब देशांचं युद्ध झालं. अरब देशांनी तेलाचा पुरवठा आवळला. तीन डॉलरच्या आसपास मिळणारं पिंप काही महिन्यांत बारा डॉलरपर्यंत गेलं. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळाने आधीच कंबरडं मोडलेलं. महागाईविरुद्ध मुंबईत बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्याच होत्या, मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर पुढे होत्या. त्यात पेट्रोलची दरवाढ आली. नोव्हेंबर १९७३ मध्ये अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीत बसून संसदेत गेले. सरकार म्हणायचं, हे अरबांमुळे. विरोधक म्हणायचे, हे सरकारमुळे. दोघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं खरं होतं.

बैलगाडी तेव्हापासून सगळ्या पक्षांना आवडते. जुलै २०२१ मध्ये मुंबईत काँग्रेसने इंधन दरवाढीविरुद्ध मोर्चा काढला, गाडीवर इतके जण चढले की गाडीच मोडली. तेव्हा मीही हसले होते. नंतर लक्षात आलं की दरवाढीतला एक हिस्सा राज्याच्या व्हॅटचा होता आणि काँग्रेस तेव्हा राज्याच्या सरकारात भागीदार होती.

दिल्लीचंही ऐका. २०१४ च्या मध्यावर पिंप शंभर डॉलरच्या वर होतं. जानेवारी २०१६ पर्यंत तीस डॉलरच्या खाली आलं. आपल्याला डिझेल त्या मानाने स्वस्त मिळायला हवं होतं. पण त्या दीड वर्षात उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढलं. २०२० च्या एप्रिलमध्ये सगळं जग बंद होतं, तेल वीस डॉलरवर आलं. ५ मेच्या रात्री शुल्क एका झटक्यात वाढलं, पेट्रोलवर दहा आणि डिझेलवर तेरा रुपये. पुढे तेल पुन्हा चढलं तेव्हा अर्थमंत्री निर्मला सीतारामन म्हणाल्या, आधीच्या सरकारने काढलेले तेलरोखे फेडायचे आहेत म्हणून कर कमी करता येत नाही. तेलरोखे म्हणजे तेल कंपन्यांना दिलेली उधारीची चिठ्ठी. ती उधारी खरी होती, मुद्दल सुमारे १.३ लाख कोटी. पण २०२०-२१ या एकाच वर्षात पेट्रोल-डिझेलच्या उत्पादन शुल्कातून ३.३५ लाख कोटी जमा झाले होते. गटात कोणी असा हिशोब मांडला असता तर आपण पासबुक मागितलं असतं.

मग एप्रिल २०२२. आमची भेंडीची बैठक झाली त्याच महिन्यात पंतप्रधानांनी मुख्यमंत्र्यांच्या बैठकीत महाराष्ट्राचं नाव घेऊन सांगितलं की राज्याने व्हॅट कमी केला नाही. मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंनी उत्तर दिलं की केंद्राकडे आमचे जीएसटीचे पैसे थकलेत. कारणं द्यायला युक्रेनचं युद्धही होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण एक गोष्ट बघा. ४ नोव्हेंबर २०२१ पासून २१ मार्च २०२२ पर्यंत आपल्याकडे पंपावरचा दर हललाच नाही. जगात तेल चढत होतं, फेब्रुवारीत युद्ध पेटलं, तरी नाही. त्या काळात उत्तर प्रदेश, पंजाब, आपल्या शेजारच्या गोव्यात निवडणुका होत्या. १० मार्चला निकाल लागले. २२ मार्चपासून रोज ऐंशी पैसे चढायला लागले, दोन आठवड्यांत दहा रुपये. युद्ध आमच्या पंपावर निकाल लागल्यावरच पोचलं.

कर घेऊच नये असं मी म्हणत नाही. कोरोनात रेशनवर फुकट मिळालेलं धान्य काही आभाळातून पडलं नव्हतं. पण डिझेलवरचा कर भेंडी नेणारा छोटा टेम्पो आणि साहेबाची मोठी गाडी, दोघांकडून लिटरला सारखाच घेतो. हे बोचतं.

आणि सगळा दोष सरकारवर टाकून मोकळं व्हायलाही जागा नाही. १९७४ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात ‘सागर सम्राट’ने तेल शोधलं, बॉम्बे हाय. तेव्हा वाटलं होतं, सुटलो. पण गरज वाढत गेली आणि ती विहीर जुनी होत गेली. घरातल्या सिलिंडरचा निम्म्याहून जास्त गॅस बाहेरून येतो, बहुतेक आखातातून. १९९० मध्ये इराकने कुवेत गिळलं तेव्हा एक लाख सत्तर हजारांच्या आसपास भारतीय माणसं जीव घेऊन परत आली. तेल महागलं, आखातातून येणारा पैसा आटला आणि १९९१ मध्ये देशाला सोनं गहाण ठेवावं लागलं. दागिना गहाण ठेवणं काय असतं ते आपल्याला कोणी शिकवायला नको. पण तिथेही, कर्जाचा डोंगर आधीच्या दहा वर्षांत साचला होता. आखाताने शेवटचा धक्का दिला आणि नाव त्याचं झालं.

माझे काका भिवंडीत लूमवर होते. १९८२ चा गिरणी संप झाला, मुंबईतलं काम भिवंडीच्या लूमवर आलं. परळच्या नातेवाइकांनी कैक वर्षं आमच्या घरचं लग्न टाळलं, तुमच्या भिवंडीने आमच्या गिरण्या खाल्ल्या म्हणून. काका म्हणजे भिवंडी, असं झालं होतं! बारा तास उभं राहून कान गेलेला माणूस. आज त्यांनी चालवलेले लूम भंगारात किलोवर विकले गेले. काका दोष कोणाला देतात? सुरतला. कधी युपीहून आलेल्या कारागिरांना, जे शेजारच्याच लूमवर तेवढ्याच मजुरीत उभे होते. कोणी विजेचं बिल म्हणतं, कोणी नोटबंदी, कोणी जीएसटी. त्यातलं बरंच खरं आहे. पण लूमवरचं पॉलिएस्टरचं सूत खनिज तेलातून निघालेल्या रसायनांपासून बनतं, तेल हललं की सूत हलतं, आणि मीटरमागे मजुरी घेणाऱ्या छोट्या कारखानदाराची मजुरी काही हलत नाही, हे घरात कधी कोणी बोललेलं मला आठवत नाही. तेल दिसत नाही ना. शेजारच्या लूमवरचा माणूस दिसतो.

तर भेंडीचं काय झालं ते राहिलंच. मी वहिनींकडे गेले आणि गटासमोर तुम्हाला तसं बोलायला नको होतं म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताई, घरात सांगून काय, बैठकीत सांगा." बैठकीत सांगितलं. पावत्या सतरंजीवर पसरून सगळ्यांसमोर हिशोब केला. जिने हप्त्याचं बोलणं काढलं होतं तीच म्हणाली, डिझेलचे आमच्याकडून घ्या, हप्त्याचे तुमचे तुम्ही बघा. कॅरेटमागे पस्तीस ठरले. आणि एक नियम वहीत लिहिला, डिझेल पाच रुपयांनी हललं की कॅरेटमागे एक रुपया, वर जाताना आणि खाली येतानाही.

त्या मेमध्ये केंद्राने शुल्क कमी केलं, जुलैत राज्याने व्हॅट कमी केला. मुंबईत डिझेल १०४ वरून ९४ वर आलं. पावसाळी काकडी सुरू झाली होती. भाऊंनी कोणी न विचारता तेहतीस रुपये घेतले. किराणा दुकानात मात्र डिझेल चढलं म्हणून वाढलेला एकही भाव उतरला नाही, मी विचारलं तर दुकानदार म्हणाला, वरूनच तसा माल येतो.

सिलिंडरचं असंच बघायचं आहे. मार्च २०२३ मध्ये तो अकराशेच्या वर होता, मार्च २०२४ मध्ये आठशेच्या घरात आला, मधल्या काळात आपल्यातल्या किती जणी परत चुलीवर गेल्या आणि लाकडासाठी किती दिवस मोडले हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. पुढच्या महिन्याच्या बैठकीला घरात असतील तेवढ्या गॅसच्या पावत्या घेऊन या. फाटक्या असल्या तरी चालतील, तारीख दिसली पाहिजे.