हार कोणाच्या नावावर?



वसंत व्याख्यानमालेत क्रिकेटवर बोलायचे म्हटले, की काही वडीलधारी मंडळी भुवया उंचावणारच. परंतु माझा विषय केवळ खेळाचा नाही. दहाजणांनी मिळून केलेल्या कामात अपयश आले, तर ते कोणाच्या नावावर लिहायचे, असा माझा प्रश्न आहे. आणि तो घरात, शेतात, शाळेत आपणां सर्वांनाच पडतो.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये ह्याचे उत्तर नियमानेच दिलेले आहे. तेथे चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. संघ हरला की ती हार एका पिचरच्या खात्यात पडते. आपल्या क्रिकेटच्या वहीत असा रकाना नाही. पण समजा, तो असता, तर सुभाष गुप्ते ह्यांच्या खात्यात काय दिसले असते?

डिसेंबर १९५८ मध्ये कानपूरला वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी सामना झाला. गुप्त्यांनी पहिल्या डावात १०२ धावांत नऊ गडी बाद केले. उरलेला एक वसंत रांजणे ह्यांनी घेतला. पाहुणे २२२ धावांत आटोपले. आपणही बरोबर २२२ च केल्या! पुढे सोबर्सने १९८ धावा झोडल्या, त्याने गुप्त्यांनाही सोडले नाही. पाहुण्यांनी ७ बाद ४४३ वर डाव सोडला, आपला दुसरा डाव २४० त संपला, आणि २०३ धावांनी हार पदरी आली.

बरोबर एका वर्षाने, त्याच मैदानावर, जसू पटेल ह्यांनी ऑस्ट्रेलियाचे नऊ गडी ६९ धावांत बाद केले. भारत ११९ धावांनी जिंकला, आणि १९६० साली पटेलांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या पराक्रमात मला काहीही उणे काढायचे नाही. दुसऱ्या डावातही त्यांनी पाच गडी घेतले. परंतु त्याआधी आपल्या फलंदाजांनी २९१ धावा उभ्या केल्या नसत्या, तर त्या पाचांचे मोल काय राहिले असते? पटेल सात कसोटी सामने खेळले. गुप्ते छत्तीस खेळले आणि त्यांनी १४९ गडी बाद केले. नुसते हारजितीचे खाते पाहणाऱ्याला ह्यांतले काय कळणार?

अगदी अलीकडचे उदाहरण घ्या. मुंबईतच जन्मलेल्या एजाझ पटेलने २०२१ साली मुंबईतच न्यूझीलंडकडून खेळताना डावातले दहाही गडी बाद केले. त्याचे सोबती ६२ धावांत गारद झाले, आणि सामना ३७२ धावांनी गेला. ह्याहून अधिक त्या गोलंदाजाने काय करायचे होते?

आता पुन्हा अमेरिकेकडे वळू. तेथे सर्वांत जास्त विजय साय यंग ह्या पिचरच्या नावावर आहेत, ५११. आणि सर्वांत जास्त पराजयही त्याच्याच नावावर आहेत, तीनशेहून अधिक! तरी १९५६ पासून उत्तम पिचरला जो मान देतात, तो ह्याच माणसाच्या नावाने. कारण उघड आहे. तीनशे वेळा हरायला तीनशे वेळा चेंडू हाती मिळावा लागतो, आणि नालायकाच्या हाती तो कोणी इतक्या वेळा देत नाही.

आपल्या विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडकासाठी खेळू लागला. पहिला करंडक आला तो २०१७-१८ मध्ये. अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले, ते आपल्याला ठाऊक आहे. पण मधल्या साठ वर्षांत उन्हात घाम गाळून हरलेल्या वैदर्भी गोलंदाजांची नावे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील?

जाता जाता एक कबुली देतो. शाळेत असताना जिनामागच्या मैदानावर आम्ही एक सामना हरलो. आमच्या गोलंदाजाने सात गडी घेतले होते; शेवटच्या जोडीचा सोपा झेल सुटला आणि सामना गेला. परतताना सगळे त्या गोलंदाजालाच बोलत होते. तो मान खाली घालून चालत होता. झेल माझ्या हातून सुटला होता, आणि मी गप्प राहिलो.

आता परीक्षांच्या निकालांचे दिवस येतील. घरात एखाद्या मुलाच्या नावावर हार लिहिण्यापूर्वी, आपल्या हातून कोणता झेल सुटला, एवढे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. मी त्या दिवशी विचारले नाही, म्हणून आज सांगतो आहे.