पाळण्यापर्यंत पोचलेला बाजार आणि जबाबदारीचा प्रश्न

(बंगळूर येथे मराठी कामगार-कर्मचाऱ्यांच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



या बंगळूर शहरात तयार कपड्यांच्या कारखान्यांतून हजारो स्त्रिया राबतात. दिवसभर शिलाई यंत्रावर मान मोडून घरी परतणाऱ्या आईपाशी दुकाने धुंडाळण्याइतका वेळ नसतो. तान्ह्या मुलासाठी ती मोबाईलवर एखादा खुळखुळा किंवा दिवे लागणारे खेळणे मागवते. किंमत परवडणारी असते. चित्र आकर्षक असते. दोन दिवसांत पुडके दारात येते. त्या खेळण्यात बटणाएवढी बॅटरी असते आणि तिचे झाकण सैल असेल तर ती मुलाच्या तोंडात जाते. अन्ननलिकेत अडकलेली अशी बॅटरी दोन तासांच्या आत आतील भाग जाळू शकते. अशा वेळी आईने कोणाला जाब विचारावा, हाच आजच्या चर्चेचा प्रश्न आहे.

उत्तर सोपे वाटते, पण ते सापडत नाही. पुडक्यावर बनवणाऱ्याचे नाव नसते, किंवा असले तरी तो परदेशात असतो. विक्रेत्याचे नाव चार अक्षरी असते, आणि तक्रार होताच तो नाव बदलून पुन्हा उभा राहतो. पोचवणारा मुलगा स्वतःच रोजंदारीवर जगणारा असतो. राहता राहिली बाजार चालवणारी कंपनी. ती म्हणते, ‘आम्ही केवळ मध्यस्थ. जागा आमची, माल दुसऱ्याचा.’

या युक्तिवादाची तपासणी आपल्या ओळखीच्या बाजारात करून पाहावी. मोंढ्यातील अडत्याही मालाचा मालक नसतो. परंतु त्याला बाजार समितीचा परवाना घ्यावा लागतो, हिशेबपट्टी द्यावी लागते, आणि गैरव्यवहार केला तर परवाना जाण्याची टांगती तलवार त्याच्या डोक्यावर असते. अडत घेणाऱ्याने उत्तरदायित्वही घ्यावे, हा साधा न्याय आहे. ऑनलाइन बाजार चालवणारी कंपनी अडत्याहून कितीतरी अधिक करते. कोणता माल आधी दिसावा हे ती ठरवते. जाहिरातीचे पैसे ती घेते, ग्राहकाकडून किंमत तीच वसूल करते, अनेकदा माल आपल्या गोदामात ठेवते आणि आपल्या नावाच्या पुडक्यात बांधून पाठवते. इतके सर्व हाती असताना जबाबदारी मात्र हाती नाही, असे कसे म्हणता येईल?

या पवित्र्यामागे भांडवलाचे हिशेब आहेत. आपल्या देशाच्या धोरणानुसार परकीय भांडवलाला ऑनलाइन ‘बाजार’ चालवण्यासाठी शंभर टक्के मुभा आहे; मात्र स्वतःचा माल साठवून तो ग्राहकाला विकण्याच्या पद्धतीत परकीय गुंतवणुकीला मनाई करण्यात आली. २००७ साली याच बंगळुरात सुरू झालेल्या फ्लिपकार्टमधील सुमारे ७७ टक्के भांडवल २०१८ साली अमेरिकेच्या वॉलमार्टने १६ अब्ज डॉलरना विकत घेतले. ‘आम्ही विक्रेते नाही’ हे वाक्य अशा कंपन्यांना दोनदा उपयोगी पडते. एकदा ते परकीय गुंतवणुकीच्या नियमापुढे कामी येते आणि दुसऱ्यांदा फसलेल्या ग्राहकापुढे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ मध्यस्थाला अटींसह संरक्षण देते. दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुरासाठी निरोप्याला शिक्षा होऊ नये, हा त्यामागचा विचार आहे. मजकूर वाहून नेणारा आणि खेळणे विकून कमिशन घेणारा यांना एकाच मापाने मोजणे म्हणजे कायद्याचा हेतूच उलटा करणे होय.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूच्या जबाबदारीचे स्वतंत्र प्रकरण आहे. वस्तू बाजारात आणण्याच्या कामात अन्य रीतीने सहभागी असलेल्यालाही त्यात ‘विक्रेता’ म्हटले आहे. इतकेच नव्हे, तर उत्पादक कोण हे कळत नसेल किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर ज्याने वस्तू विकली त्याच्यावर जबाबदारी येते, असे कलम ८६ सांगते. म्हणजे आईच्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात बीजरूपाने आहे. परंतु ‘विकली कोणी?’ या एका शब्दावर वाद घालून कंपन्या ते बीज रुजू देत नाहीत. विक्रेत्याने हात वर केले तर बाजार चालवणाऱ्याने भरपाई करावी, अशी तरतूद जून २०२१ मध्ये सरकारने नियमांच्या मसुद्यात घातली होती. व्यापारी वर्तुळांतून विरोध झाला आणि मसुदा कित्येक वर्षे मसुदाच राहिला.

आता प्रत्यक्ष कारवाईकडे वळू. सक्तीचे मानक न पाळणारे प्रेशर कुकर विकू दिल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०२२ मध्ये ॲमेझॉनला दोषी धरले. अशा २,२६५ कुकरांवर कंपनीला ६ लाख १४ हजार रुपयांहून अधिक कमिशन मिळाले होते. दंड झाला १ लाख रुपये. त्याच महिन्यात फ्लिपकार्टलाही ५९८ कुकरांसाठी १ लाखाचा दंड झाला. तिची कमाई १ लाख ८४ हजार होती. माल परत घ्यावा, ग्राहकांना पैसे द्यावेत, असेही आदेश झाले, आणि ॲमेझॉनने दिल्ली उच्च न्यायालयात अपील केले. प्रत्येक विक्रीतून नफा घेणाऱ्याला आपत्ती आल्यावर अंग काढून घेता येणार नाही, हे प्राधिकरणाने मांडलेले तत्त्व मोलाचे आहे. परंतु ॲमेझॉनच्या बाबतीत दंड कमिशनच्या एक षष्ठांशाहूनही कमी! असा दंड म्हणजे शिक्षा नव्हे. धंद्याचा किरकोळ खर्च आहे.

कुकरचे जे झाले, तेच खेळण्यांचे. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे आहे. तरी जानेवारी २०२३ मध्ये ॲमेझॉन, फ्लिपकार्ट व स्नॅपडील यांना चिन्हाविना खेळणी विकल्याबद्दल प्राधिकरणाला नोटिसा काढाव्या लागल्या. मार्च २०२५ मध्ये ब्यूरोने गोदामांवर छापे घातले. ॲमेझॉनच्या दिल्लीतील गोदामातून साडेतीन हजारांहून अधिक वस्तू जप्त झाल्या, तर तामिळनाडूच्या तिरुवल्लूर जिल्ह्यात फ्लिपकार्टच्या गोदामातून बाळांच्या डायपरची चिन्हाविना अडीचशेहून अधिक पाकिटे निघाली. माल गोदामात रचलेला, तो हलवणारे मजूर तेथलेच, आणि तरी ‘केवळ मध्यस्थ’?

याच्याशी मुंबईतील मुलुंडच्या प्रकरणाची तुलना करावी. जॉन्सन अँड जॉन्सनच्या बाळांच्या पावडरचे नमुने पुणे व नाशिक येथे घेतले गेले. ते मानकाशी जुळत नाहीत म्हणून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये मुलुंड कारखान्याचा परवाना रद्द केला, आणि जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश रद्दबातल ठरवले. नमुने घेतल्यापासून कारवाईपर्यंत वर्षे उलटली होती. निकाल काहीही असो, तेथे कारखाना होता, परवाना होता, घाणीचा क्रमांक होता आणि न्यायालयात उभा राहणारा प्रतिवादी होता. ऑनलाइन बाजारात हा प्रतिवादीच नाहीसा होतो. मार्क्सने दाखवले होते की वस्तूच्या चकाकीआड माणसामाणसांतील संबंध लपतात. येथे तर उत्पादकाचा पत्ताही लपतो.

अन्य देशांतही हा संघर्ष चालू आहे. मुलांचे लवकर पेट घेणारे रात्रीचे कपडे व इतर धोकादायक वस्तू अशा चार लाखांहून अधिक नगांच्या प्रकरणी ॲमेझॉन ही ‘वितरक’ आहे आणि माल परत घेण्याची जबाबदारी तिची आहे, असा निर्णय अमेरिकेच्या ग्राहक-वस्तू सुरक्षा आयोगाने जुलै २०२४ मध्ये दिला. कंपनीने २०२५ मध्ये त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. युरोपीय संघात १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमानुसार वस्तूसाठी युरोपातच जबाबदार धरता येईल असा कोणीतरी असावा लागतो. आपला अनुभवही सांगतो की बाळाचे रक्षण बाजारावर सोडता येत नाही. दुधाच्या पावडरीच्या जाहिरातींविरुद्ध जगभर आंदोलन झाले, जागतिक आरोग्य सभेने १९८१ मध्ये संहिता स्वीकारली आणि भारताने १९९२ मध्ये दुधाच्या बाटल्या व पर्यायी दूध यांच्या जाहिरातीला बंदी करणारा कायदा केला. कंपन्यांनी आपखुशीने काही दिले नव्हते. लोकांच्या दडपणाने ते मिळाले.

यावर आक्षेप घेतला जातो की कोट्यवधी वस्तू तपासणे अशक्य आहे. परंतु प्रत्येक ग्राहकाची आवडनिवड टिपणाऱ्या आणि प्रत्येक रुपयाचे कमिशन अचूक कापणाऱ्या यंत्रणेला परवाना क्रमांकाविना खेळणे विक्रीस न ठेवणे अशक्य कसे? दुसरा आक्षेप असा की तपासणीने छोटा उत्पादक मरेल. हा विचार करण्याजोगा आहे. येथून जवळच चन्नपट्टणमला आणि आपल्याकडे सावंतवाडीला लाकडी खेळणी करणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आले आहेत. चाचणीचा बोजा त्यांच्यावर न टाकता सरकारने सार्वजनिक प्रयोगशाळा उभाराव्यात. छोट्याच्या नावाने मोठ्याने ढाल करावी, हे चालणार नाही.

आणखी एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. चौकशी झाली की दोष गोदामातील कामगारावर किंवा पोचवणाऱ्यावर ढकलला जाण्याचा धोका असतो. बाळाची सुरक्षितता आणि कामगाराची सुरक्षितता यांत विरोध नाही. दोहोंचा घास एकाच नफ्याच्या घाईने घेतला जातो. सदोष माल आढळल्यास तो थांबवण्याचा अधिकार गोदामातील कामगाराला मिळाला, तर तोच सर्वांत जवळचा पहारेकरी ठरेल.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. विक्रेता वा उत्पादक सापडत नसेल तेथे भरपाई बाजार चालवणाऱ्या कंपनीने द्यावी. दंड विक्रीच्या रकमेशी जोडावा. मानक-परवाना तपासल्याविना बाळांची कोणतीही वस्तू विक्रीस येऊ नये. धोकादायक वस्तू विकली गेल्यास प्रत्येक खरेदीदाराला त्याच्या भाषेत कळवून पैसे परत करावेत. आणि पक्षाच्या शाखांनी, महिला व कामगार संघटनांनी वस्त्यावस्त्यांतून अशा तक्रारी गोळा करून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर व जिल्हा ग्राहक आयोगांपुढे न्याव्यात.

एकटी आई मोबाईलच्या पडद्यावर तक्रार लिहिते, तेव्हा तिला यंत्र उत्तर देते. शंभर आया एकत्र येतात, तेव्हा उत्तर माणसाला द्यावे लागते.