इंग्रजीच्या तासाचे खेळ

सिकंदराबादेतील शाळेच्या मधल्या सुट्टीत पटांगणाच्या कडेला घटकाभर उभे राहावे. घरी तेलुगू, तमिळ, मराठी वा कन्नड बोलणारी मुले तेथे एकमेकांशी दखनीत बोलत असतात. ही भाषा त्यांना कोणी शिकविलेली नसते. तिचे पाठ्यपुस्तक नाही आणि तिची परीक्षाही नाही. तरी गोट्यांच्या डावात पाळी कोणाची यावरून भांडण जुंपले, म्हणजे एकही मूल शब्दासाठी अडत नाही. मग घंटा होते, इंग्रजीचा तास सुरू होतो, आणि तीच मुले मुकी होतात.

मुलांना बुद्धी नाही किंवा इंग्रजी फार अवघड आहे, असे याचे कारण पुष्कळदा सांगितले जाते. मला ते पटत नाही. भांडणात बोलण्यास कारण असते. तासाला ते नसते. शिक्षिका हातात पेन्सिल धरून विचारतात, "व्हॉट इज धिस?" पेन्सिल त्यांना दिसत असते, आणि मुलांनाही दिसत असते. उत्तर सर्वांस ठाऊक असताना विचारलेला प्रश्न हा प्रश्न नव्हे, ती कवायत होय. कवायतीने जीभ वळते, हे मी नाकारीत नाही. परंतु तेवढ्याने संभाषण येत नाही.

आता तीच पेन्सिल एका कापडी पिशवीत घालावी. एका मुलाने आत हात घालून ती चाचपावी आणि इतरांनी विचारावे : "इज इट लाँग? इज इट सॉफ्ट? कॅन यू ईट इट?" वाक्ये पाठ्यपुस्तकातलीच आहेत, परंतु आता विचारणाऱ्याला उत्तर खरोखरच हवे असते. बोलण्याच्या खेळाचे सगळे मर्म एवढ्यात आहे. एकापाशी असलेली माहिती दुसऱ्यापाशी नसावी, आणि ती मिळविल्यावाचून डाव पुढे सरकू नये.

ही कल्पना आपल्याच देशात कसोटीला लावली गेली आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून इंग्रजी गिरविले. पुढे वाक्यरचनांचे ठराविक साचे क्रमाने घोटवून घेण्याची पद्धत मद्रासकडून पसरली. १९५८ साली हैदराबादेत सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश ही संस्था निघाली. २००७ साली तिला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला. साच्यांच्या या पद्धतीविषयी शंका घेऊन एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास वगैरे ठिकाणच्या शाळांतून एक प्रयोग केला. मुलांपुढे व्याकरण न ठेवता एखादे कोडे, नकाशा किंवा आगगाड्यांचे वेळापत्रक ठेवावयाचे, आणि ते सोडविता सोडविता भाषा येऊ द्यावयाची, असा तो प्रयोग होता.

वेळापत्रक आमच्या गावाला फार मानवते. येथील रेल्वे स्थानक १८७४ सालापासून आहे, आणि सुट्टीत नांदेड, परभणी, मनमाडकडे जाणारी मुले वर्गात असतातच. चौथी-पाचवीतील दोघांस एकाच वेळापत्रकाच्या दोन अर्धवट प्रती द्याव्या. एकीवर गाडी सुटण्याच्या वेळा, दुसरीवर पोहोचण्याच्या. मामाच्या घरी दुपारच्या जेवणाआधी पोहोचावयाचे, तर कोणती गाडी धरावी? विचारल्यावाचून गत्यंतर नाही.

मंडईचा खेळ याहूनही रंगतो. पाच मुले दुकानदार होतात. प्रत्येकाजवळ भावांची चिठ्ठी असते, ती त्याने झाकून ठेवावयाची. गिऱ्हाइकाजवळ खोटे पन्नास रुपये, आणि त्यांत टोमॅटो, वांगी, मिरच्या बसवावयाच्या. मोंडा मार्केटमध्ये आईचे बोट धरून फिरलेल्या मुलांना घासाघीस शिकवावी लागत नाही. "टू मच!" हे दोन शब्द मिळाले, की एरवी मान वर न करणारी मुलगीही दुकानदाराशी हुज्जत घालू लागते.

अगदी लहानांसाठी आपला 'चिमणी भुर्र, कावळा भुर्र' आहेच. "क्रो फ्लाइज", "काउ फ्लाइज" असे म्हणत तो खेळावा, आणि दोन दिवसांनी पुकारण्याचे काम मुलांकडे द्यावे. गाय उडाली म्हणून बोट वर करणाऱ्यावर सारा वर्ग हसतो. पण ते हसणे इंग्रजीला नसते, हे महत्त्वाचे.

खरी अडचण निराळीच आहे. डावाला रंग चढला, की मुले दखनीवर येतात. स्वभाषेत बोलल्याबद्दल दंड आकारण्याची प्रथा काही शाळांत होती, आणि ती अजून सर्वत्र गेली आहे असे म्हणवत नाही. दंडाने इंग्रजी येत नाही, मौन येते. आणि आपल्या आईची भाषा हा गुन्हा आहे, असे मुलाच्या मनावर ठसते ते वेगळेच. त्यापेक्षा डावातच एक युक्ती करावी. दुकानदार परक्या मुलुखातून आला आहे, त्याला इंग्रजीवाचून काही कळत नाही, असे ठरवावे. मुले हे नाटक मोठ्या निष्ठेने सांभाळतात! लागणारी सहा-सात वाक्ये आधी फळ्यावर लिहून ठेवावी, आणि पहिला दुकानदार शिक्षकाने स्वतः व्हावे.

प्रभूंना मुलांचे गट पाडणे फारसे पसंत नव्हते. मुले परस्परांचे अशुद्ध इंग्रजीच उचलतील, अशी त्यांना धास्ती होती. ती निराधार नाही. परंतु पन्नास मुलांच्या वर्गात एकेकाने शिक्षकांशी बोलावयाचे ठरविले, तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धे मिनिटही येत नाही. म्हणून बाकावरच्या जोड्या कराव्या, आणि डाव दहा मिनिटांत आटोपावा. "ही गो टु मार्केट" असे कोणी म्हणाले तर मध्येच अडवू नये. चुका टिपून ठेवाव्या आणि मागाहून, नाव न घेता, फळ्यावर सुधाराव्या. शेजारच्या वर्गातून गलबल्याची तक्रार येईल, ती सोसावी.

महाराष्ट्राने २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आणले. तेलंगणाने २०२२-२३ पासून सरकारी शाळांत पहिली ते आठवीपर्यंत इंग्रजी माध्यम सुरू केले. ज्यांच्या घरी इंग्रजीचा एक शब्दही नाही, अशा मुलांना बोलण्याची संधी त्या तासापुरतीच. तो तासही ऐकण्यात आणि उतरवून घेण्यात गेला, तर ती बोलणार कधी?

पालक विचारतात, "वही कोरी का?" त्यांना मी पिशवीचा खेळ घरी मराठीत खेळावयास सांगते. "ते जिवंत आहे का? स्वयंपाकघरात असते का?" असे आजीला नेमके विचारू लागलेले मूल वर्गातही आधी प्रश्न शोधते, इंग्रजी शब्द आम्ही पुरवितो. पिशवीत आरंभी किल्ली, चिंचोका, बटण असे काही ठेवावे. कांदा मात्र ठेवू नये. तो वासानेच ओळखू येतो.