औषध देणाऱ्या हाताचे शिक्षण

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्य विभागातील कर्मचारी यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



डॉक्टर रोग्याला तपासतात आणि औषधाची चिठ्ठी लिहून देतात. ती चिठ्ठी घेऊन रोगी किंवा त्याचा नातेवाईक औषधाच्या दुकानात अथवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषध खिडकीपाशी येतो. तेथे उभा असलेला मनुष्य चिठ्ठी वाचतो, फळीवरून औषध काढतो, ते किती व कसे घ्यावयाचे हे दोन वाक्यांत सांगतो आणि पुडी हातात ठेवतो. यानंतर त्या औषधाकडे जाणत्या दृष्टीने पाहणारा कोणीही नसतो. डॉक्टरांची चूक या खिडकीपाशी सुधारता येते. खिडकीपाशी झालेली चूक मात्र थेट रोग्याच्या पोटात जाते. म्हणूनच औषध देणाऱ्या या शेवटच्या हाताला कोणते शिक्षण मिळते, आणि ते शिक्षण पुढे चालू राहते की नाही, हा सार्वजनिक आरोग्याचा महत्त्वाचा प्रश्न आहे.

कंपाउंडरपासून फार्मासिस्टपर्यंत

एके काळी हे काम कंपाउंडर करीत असे. डॉक्टरांच्या दवाखान्यात खलबत्ता, काचेचे माप आणि खुणेच्या कागदी पट्ट्या लावलेल्या बाटल्या घेऊन बसणारा कंपाउंडर जुन्या पिढीतील अनेकांना आठवत असेल. त्याचे शिक्षण पाहून व करून झालेले असे. पुष्कळ कंपाउंडर अत्यंत निष्ठावान होते. परंतु त्यांच्या ज्ञानाची परीक्षा घेणारी सर्व देशाला लागू होईल अशी व्यवस्था नव्हती. सन १९३० मध्ये कर्नल रा. ना. चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या औषध चौकशी समितीने देशातील औषधांच्या दर्जाचा आणि या व्यवसायाच्या स्थितीचा विचार केला. पुढे १९३२ मध्ये महादेवलाल श्रॉफ यांच्या पुढाकाराने बनारस हिंदू विश्वविद्यालयात औषधनिर्माणशास्त्राच्या शिक्षणाचा पाया घातला गेला. सन १९४० मध्ये औषधांच्या दर्जाविषयीचा कायदा झाला आणि स्वातंत्र्यानंतर लगेचच, १९४८ मध्ये, फार्मसी अधिनियम अस्तित्वात आला.

या अधिनियमाने एक शहाणपणाची तडजोड केली. पहिले नोंदपुस्तक तयार करताना, रुग्णालयात किंवा दवाखान्यात किमान पाच वर्षे औषधे तयार करण्याचे काम केलेल्या अनुभवी व्यक्तींनाही त्यात स्थान देण्यात आले. त्यामुळे हाताने शिकलेल्यांच्या पोटावर पाय आला नाही. परंतु पुढील पिढीसाठी नियम बदलला. नुसता अनुभव पुरेसा राहिला नाही. मान्यताप्राप्त शिक्षण आणि राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरल्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध तयार करून देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टनेच करावे, असे या अधिनियमाचे ४२ वे कलम सांगते. औषध नियमांनीही चिठ्ठीवरील औषध त्याच्या देखरेखीखालीच दिले गेले पाहिजे, असे बंधन दुकानावर घातले आहे.

पदविकेची वाट

हे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींना बारावीची परीक्षा भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र किंवा गणित हे विषय घेऊन उत्तीर्ण व्हावी लागते. त्यानंतर औषधनिर्माणशास्त्राचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम असतो. महाराष्ट्रात त्याची परीक्षा राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते. दोन वर्षांच्या अभ्यासानंतर ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण रुग्णालयात किंवा औषधालयात पूर्ण करावयाचे असते. चिठ्ठी वाचणे, मात्रेचा हिशेब करणे, साठा ठेवणे आणि रोग्याशी बोलणे या गोष्टी पुस्तकातून पुरत्या येत नाहीत. या ५०० तासांचे मोल म्हणूनच मोठे आहे. सन २०२२ मध्ये केलेल्या विनियमांनी पदविकेनंतर आणखी एका निर्गम परीक्षेची तरतूद केली आहे.

येथे शिक्षकांनी आणि पालकांनी एक गोष्ट नीट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. हा अभ्यासक्रम नियमित स्वरूपाचा आहे. त्यात व्याख्यानांना आणि प्रात्यक्षिकांना ७५ टक्के उपस्थिती आवश्यक असते. घरबसल्या, टपालाने किंवा काही रविवारच्या वर्गांतून पदविका देऊ करणारी जाहिरात कोठे आढळल्यास सावध राहावे. संस्थेच्या अभ्यासक्रमाला भारतीय फार्मसी परिषदेची मान्यता आहे काय, याची खात्री प्रवेशापूर्वीच करून घ्यावी. मान्यता नसलेल्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर नोंदणी होत नाही. शेत गहाण ठेवून फी भरलेल्या कुटुंबाला हे दोन वर्षांनी समजले, तर झालेले नुकसान भरून येत नाही.

काउंटरवरचा मदतनीस

प्रत्येक दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज आणखी एक-दोन मदतनीस असतात. माल उतरवून घेणे, फळ्या लावणे, बिल करणे ही कामे ते करतात. इतर काही देशांत अशा व्यक्तींसाठी ‘फार्मसी टेक्निशियन’ हा स्वतंत्र दर्जा निर्माण झाला आहे. अमेरिकेत नोकरी सांभाळून संध्याकाळी शिकता येईल असे त्यांचे वर्ग स्थानिक महाविद्यालयांच्या निरंतर शिक्षण विभागांत चालतात. तेथील राष्ट्रीय प्रमाणन मंडळ १९९५ मध्ये सुरू झाले. त्याचे प्रमाणपत्र टिकविण्यासाठी दर दोन वर्षांत २० तासांचे शिक्षण घ्यावे लागते. ब्रिटनमध्ये २०११ पासून टेक्निशियनची नोंदणी सक्तीची झाली आहे. तरीही या दोन्ही देशांत टेक्निशियन हा फार्मासिस्टचा सहायकच असतो.

भारताच्या फार्मसी अधिनियमात असा मधला दर्जा नाही. दुकानातील मदतनिसाला अल्पमुदतीचे कौशल्य प्रशिक्षण घेता येते आणि ते त्याने अवश्य घ्यावे. औषधांची नावे, साठ्याची शिस्त, ग्राहकाशी बोलण्याची रीत यांत त्यामुळे निश्चित सुधारणा होते. परंतु असे प्रशिक्षण म्हणजे नोंदणी नव्हे. दहा वर्षे काउंटरवर काढलेल्या हुशार मुलालाही फार्मासिस्ट व्हावयाचे असेल, तर त्याने बारावी पूर्ण करून पदविकेची वाट धरली पाहिजे. त्याला तसे सांगणारा आणि त्यासाठी मोकळीक देणारा दुकानमालक गावावर उपकारच करीत असतो.

शिक्षण संपत नाही

पदविका मिळाली, भिंतीवर नोंदणीचे प्रमाणपत्र लागले, म्हणजे शिक्षण संपले अशी समजूत अनेकांची असते. या समजुतीतच खरा धोका आहे. काही साध्या उदाहरणांवरून तो स्पष्ट होईल.

भारतात मिळणाऱ्या इन्शुलिनच्या कुपीत बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० एकके असतात आणि तिच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज वापरतात. परंतु १०० एककांचे इन्शुलिनही बाजारात आहे व त्याची सिरिंज वेगळी, नारिंगी टोपणाची असते. १०० एककांचे इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर रोग्याच्या शरीरात २० ऐवजी ५० एकके जातात. रक्तातील साखर एकदम उतरून तो बेशुद्ध पडू शकतो. कुपीबरोबर योग्य सिरिंज देणे आणि फरक समजावून सांगणे एवढ्याने हा अनर्थ टळतो.

लहान मुलांच्या तापावरील पॅरासिटामॉलचेही तसेच आहे. एका पातळ औषधाच्या ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम, दुसऱ्यात २५० मिलिग्रॅम, तर थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम औषध असते. नाव एकच, पण चमचाभर थेंबांच्या औषधातून १२५ च्या औषधापेक्षा चौपट मात्रा जाते. संधिवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते; ते रोज घेतले गेल्यास तोंडात व्रण पडतात, रक्तपेशी घटतात आणि प्राणावर बेतते. क्षारसंजीवनीचे २०.५ ग्रॅमचे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. ते पेलाभर पाण्यात कालवून अतिसार झालेल्या बाळाला पाजणे धोक्याचे आहे. या सर्व प्रसंगी औषध अस्सल असते, चिठ्ठीही बरोबर असते. उणीव राहते ती दोन वाक्यांची.

नियमही बदलत असतात. प्रतिजैविकांचा बेसुमार वापर रोखण्यासाठी २०१३ मध्ये ‘एच-१’ ही नवी अनुसूची अधिसूचित झाली आणि १ मार्च २०१४ पासून अमलात आली. तीतील औषधे देताना डॉक्टरांचे नाव व पत्ता, रोग्याचे नाव, औषध आणि त्याचे परिमाण यांची स्वतंत्र नोंदवहीत नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते. मार्च २०१८ च्या अधिसूचनेनुसार क्षयरोगावरील औषधे घेणाऱ्या रोग्यांची माहिती औषधविक्रेत्यांनीही शासकीय यंत्रणेस कळवावयाची आहे. सन २००० मध्ये पदविका घेतलेल्या व्यक्तीला यांपैकी काहीही वर्गात शिकविले गेले नव्हते.

ही निकड ओळखूनच २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत किमान दोन उजळणी पाठ्यक्रमांना उपस्थित राहण्याची अट घातली. प्रत्येक पाठ्यक्रम किमान एक दिवसाचा असावा लागतो. पाच वर्षांत दोन दिवस ही फार मोठी मागणी नव्हे. मात्र हे दोन दिवस केवळ सही करून चहा घेण्यात गेले, तर अट पाळली जाईल आणि हेतू बुडेल. उजळणी वर्गात चिठ्ठ्यांचे नमुने वाचून घेतले, मात्रांची उदाहरणे सोडविली, रोग्याशी प्रत्यक्ष संभाषणाचा सराव केला, तरच त्याचा उपयोग.

खिडकीपलीकडील साखळी

औषधाची साखळी किती नाजूक असते याचा कटू अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. सन १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुग्णांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य निघाले आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या अनेक उणिवा उघड केल्या. औषधाचा दर्जा, गट क्रमांक, परवाना आणि मुदत यांविषयी प्रश्न विचारणारा शिक्षित मनुष्य प्रत्येक टप्प्यावर असणे का आवश्यक आहे, हे त्या घटनेने दाखवून दिले.

प्राथमिक आरोग्य केंद्रात ही जबाबदारी औषध निर्माण अधिकाऱ्यावर असते. ज्याची मुदत आधी संपणार ते औषध आधी बाहेर काढणे, लसी २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवणे, तापमानाची दररोज नोंद करणे, साठा संपण्यापूर्वी मागणी नोंदविणे ही कामे बाहेरून दिसत नाहीत. ती नीट झाली नाहीत, तर सर्पदंशाच्या रात्री प्रतिविषाची कुपी सापडत नाही.

गावाने काय करावे

या बाबतीत गाव नुसता प्रेक्षक राहू नये. पंचायत सदस्यांनी आरोग्य केंद्राच्या भेटीत इमारतीच्या रंगाबरोबरच औषध भांडाराकडेही पाहावे. तापमानाची नोंदवही आहे काय, मुदतबाह्य औषधे वेगळी ठेवली आहेत काय, औषध निर्माण अधिकाऱ्याचे पद रिक्त तर नाही ना, हे विचारावे. पद रिक्त असल्यास त्याचा पाठपुरावा करावा. अधिकाऱ्यांनी त्याला उजळणी वर्गासाठी मोकळे करावे व त्या दिवसाची पर्यायी व्यवस्था लावावी. शिक्षकांनी बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना, विशेषतः मुलींना, या व्यवसायाची माहिती द्यावी आणि मान्यताप्राप्त संस्था कशी ओळखावी हे सांगावे. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात राष्ट्रीय औषधनिर्माणशास्त्र सप्ताह साजरा होतो. त्या निमित्ताने गावातील फार्मासिस्टला शाळेत बोलावून औषधाच्या वेष्टनावरील मजकूर कसा वाचावा याचा एक तास घेता येईल.

ग्राहकानेही घाई करू नये. औषध घेताना ते किती, केव्हा, किती दिवस आणि कशाबरोबर घ्यावयाचे, हे चार प्रश्न प्रत्येकाने विचारावेत. ज्याला हे प्रश्न रोज विचारले जातात, त्याला उत्तरे तयार ठेवावीच लागतात. गावाने विचारण्याची सवय लावून घेतली, तर औषध देणाऱ्याचे शिक्षणही त्या खिडकीपाशी रोज चालू राहील.